आलापल्लीच्या नावाची सापसुरळी आपल्या नोंदवहीत का नाही? जैवविविधता समितीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव व सर्व सदस्य,
जैवविविधता व्यवस्थापन समिती,
आपली ग्रामपंचायत, तालुका अहेरी, जिल्हा गडचिरोली

प्रत माहितीसाठी: आपल्या भागातले वनअधिकारी आणि गावातली समस्त मंडळी

सेवा जोहार.

नाल्याकाठच्या झुडपी जंगलात उद्यान करायला आपल्या समितीने ना हरकत दिल्याचं मला पंचायतीच्या फलकावरून कळलं. मी त्याच समितीची सदस्य आहे. सभेची नोटीस माझ्यापर्यंत आली नाही, सही माझी कोणी घेतली नाही. ठरावात कारण दिलं आहे की या जागेवर कोणत्याही महत्त्वाच्या प्राण्याची नोंद नाही. नोंद ठेवण्याचं काम आपलंच होतं. ते आपण केलं नाही, आणि आता त्याच न केलेल्या कामाचा पुरावा म्हणून वापर होतो आहे. हे मला मुकाट्याने मान्य करता येत नाही. तोंडी सांगून झालं, लेखी अर्ज देऊन झाला, उत्तर आलं नाही. जागा साफ करायला जेसीबी ठरल्याचं मात्र कळलं. तेव्हा गावाने आणि गावाबाहेरच्यांनीही वाचावं म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

मी आशा कार्यकर्ती आहे. गावठाण आणि नाल्यापलीकडचे टोले, म्हणजे लहान वस्त्या, माझ्याकडे आहेत. गरोदर बाया, बाळंतिणी, तापाची लेकरं, हिवतापाची तपासणी, यासाठी मी ज्या पायवाटेने जाते ती याच पट्ट्यातून जाते. मे महिन्यात दुपारी टोल्यावरून परतताना अंगाला गारवा लागतो तो फक्त इथे. माझी माय इथल्याच मोहाखाली फूल वेचत आली आणि अजून वेचते. आमच्या घरात उन्हाळ्याचा किराणा त्या फुलांवर येतो. सातबाऱ्यावर झुडपी जंगल लिहिलेलं असलं तरी इथले मोह एका माणसाच्या कवेत मावत नाहीत. ऐन आहे, बेहडा आहे, धावडा, कुडा, काठाने बांबूच्या रांज्या. तुमच्यापैकी बहुतेकांचं लहानपण इथे गेलं आहे, त्यामुळे जागेचं वर्णन मी तुम्हाला सांगायला नको. पण तिथे जमिनीवर कोण राहतं ते सांगायला हवं.

तिथे सापसुरळी राहते. गावात बरेच जण तिला सापाची मावशी म्हणतात आणि दिसली की काठी शोधतात.

सकाळचं ऊन पाल्यावर उतरलं की ती बाहेर निघते. आधी ती दिसत नाही, ऐकू येते. ऐनाच्या वाळक्या पानाखाली खसखस होते, थांबते, पुन्हा हातभर पुढे होते. मग पानाच्या कडेतून तोंड बाहेर येतं. पाठ तपकिरी, तेल लावल्यासारखी चकचकीत. पाय इतके आखूड की घाईत असली म्हणजे ती पायांनी चालते की अंगाने सरकते तेच कळत नाही. घरातल्या पालीला पापणी मिटता येत नाही. हिला येते, आणि ऊन खाताना ती खरंच डोळे मिटून घेते. आपण हललो नाही तर तीही हलत नाही. पानावर उधई (वाळवी) चढली की मान थोडी वळते, अंग ताठ होतं आणि एका झटक्यात उधई तोंडात जाते. कोणी शेपटी धरली तर शेपटी तुटून वळवळत राहते आणि ती निसटते. शेपटी पुन्हा येते, पण तिच्यात साठवलेली चरबी गेलेली असते, आणि ती भरून काढायला तिला भरपूर किडे मिळावे लागतात. ते किडे पाल्यात असतात. पाला नसेल तर शेपटी वाचवून आणि गमावून दोन्ही सारखंच.

आता हिचं आणि आपल्या तालुक्याचं नातं ऐका. जगात सापसुरळ्यांच्या १,७०० हून अधिक जाती आहेत. त्यांतली एक जात शास्त्राला कळली ती आलापल्लीच्या जंगलातून. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये काम करणारे कार्ल पॅटरसन श्मिट यांनी १९२६ साली तिचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि तिला आलापल्लीचंच नाव दिलं. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता. तो १९८२ साली झाला. हा सगळा मुलूख मध्य प्रांतातल्या चांदा जिल्ह्याचा दक्षिण भाग होता. त्या सापसुरळीला आधी माबुया वंशात धरत, आता तिचं शास्त्रीय नाव युट्रोपिस आलापल्लेन्सिस असं आहे. नंतर ती कर्नाटकात, केरळातही सापडली. पण कुठेही सापडली तरी तिचं नाव आलापल्लीचंच राहतं, आणि तिचं मूळ ठिकाण म्हणून पुस्तकात आलापल्लीचं जंगलच लिहिलं जातं.

मूळ ठिकाणाला प्राणिशास्त्रात मोठी किंमत असते. दूरच्या राज्यात कोणाला तशीच दिसणारी सापसुरळी सापडली, तर ती हीच जात की दुसरी, हे ठरवायला मूळ ठिकाणच्या प्राण्याशी ताडून पाहावं लागतं. उद्या एखादा अभ्यासक त्यासाठी इकडे आला, तर त्याला दाखवायला पाल्याने झाकलेली जमीन शिल्लक हवी. शंभर वर्षं होत आली या गोष्टीला. या शंभर वर्षांत आपल्या एकाही शाळेत, एकाही सभेत, एकाही फलकावर हे नाव मी पाहिलं नाही. सागामुळे आलापल्ली सगळ्यांना ठाऊक आहे. सागाच्या बुंध्याशी जी राहते तिच्या नावातही आलापल्ली आहे, हे आलापल्लीकरांनाच ठाऊक नाही.

आपल्या नाल्याकाठी दिसते ती नेमकी हीच जात का, हे तुम्ही मला विचाराल, आणि विचारायलाच हवं. आपल्याकडे सारख्या दिसणाऱ्या सापसुरळ्या एकाहून जास्त आहेत. अंगणात, बांधावर दिसणारी मोठी जाडजूड असते ती वेगळी. जंगलातल्या लहान सापसुरळ्यांमध्ये फरक करायचा तर खवले मोजावे लागतात, खवल्यांवरचे बारीक कंगोरे भिंगातून पाहावे लागतात. हे काम जाणकाराचं आहे आणि ते करून घेणं हे समितीचं काम आहे. ते करण्याआधीच तिथे काही महत्त्वाचं नाही असं लिहून देणं, ही माझी पहिली तक्रार आहे.

दुसरी तक्रार नोंदवहीची, आणि ही मी सविस्तर मांडणार आहे.

जैवविविधता कायदा २००२ चा. प्रत्येक पंचायतीत समिती असावी, तिने लोकांना विचारून गावातल्या झाडांची, पिकांची, प्राण्यांची नोंदवही करावी, असं तो सांगतो. वर्षानुवर्षं ते कोणी मनावर घेतलं नाही. मग २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घातली की ३१ जानेवारी २०२० पर्यंत सगळीकडे समित्या आणि नोंदवह्या झाल्या पाहिजेत, नाहीतर राज्याला महिन्याला १० लाख रुपये भरावे लागतील. तेव्हा धावपळ सुरू झाली. आपल्याकडेही झाली. गाडीतून माणसं आली, पंचायतीत बसली, चहा झाला, फोटो झाला. टोल्यावर कोणी गेलं नाही. बायांना कोणी विचारलं नाही. माझ्या मायला विचारलं असतं तर तिने या पट्ट्यातलं प्रत्येक मोहाचं झाड, कोणतं आधी फुलतं आणि कोणतं मागून, हे सांगितलं असतं. तिच्या त्या माहितीच्या जागी आपल्या नोंदवहीत एकच शब्द आहे: भरपूर.

मी ती नोंदवही पंचायतीत बसून पानापानाने वाचली. गावच्या पिकांत काजू आणि सुपारी आहे. आपल्या गावात काजूचं एकही झाड नाही. दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्याचा तक्ता तसाच उतरवून घेतला आहे, हे उघड दिसतं. स्थानिक माहितगार म्हणून ज्या आजोबांचं नाव दिलं आहे ते नोंदवही होण्याआधीच वारले होते. त्यांच्या घरी हे मी अजून सांगितलेलं नाही, सांगवत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या तक्त्यात पाच नावं आहेत. नाग, घोणस, धामण, पाल, सरडा. सापसुरळी नाही. घोरपड नाही. मण्यार नाही, आणि मण्यार तर या गावात माणसं मारते. ज्या कागदात मण्यारसुद्धा नाही, त्या कागदाच्या भरवशावर आपण एक जंगल मोकळं करायला निघालो आहोत.

कायद्याने समितीत एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. आमची नावं त्यासाठी घेतली. नावं घेतली तर बोलवायलाही हवं. मी आणि माझ्यासारख्या बाया रोज या जंगलातून चालतो. सरपण, मोहफूल, तेंदू, सात्या (अळंबी), वास्ते (बांबूचे कोंब), सगळं आम्ही आणतो. जमिनीवर काय आहे हे आमच्याइतकं कोणाला माहीत असणार? ही तक्रार मी रागाने लिहीत नाही. पण ती लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

तिसरी गोष्ट जमिनीची. झुडपी जंगल हा पूर्व विदर्भाचाच प्रकार आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशी हजारो हेक्टर जमीन आहे. महसुलाच्या कागदावर ती पडीक धरली जाते, म्हणून स्मशान, शाळा, गोदाम, उद्यान, जे काही करायचं ते तिच्यावर, अशी सवय पडली आहे. पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की त्याच्याच १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाप्रमाणे झुडपी जंगल हेही जंगलच आहे. म्हणजे तिथे दुसरं काही करायचं तर वनसंरक्षण कायद्याखाली केंद्राची परवानगी लागते. ती घेतली आहे का? घेतली असेल तर फलकावर लावा, मी वाचीन. घेतली नसेल तर आपल्या समितीची ना हरकत कोणत्या कामाची? पाच माणसांच्या सहीने तो कायदा ओलांडता येत नाही, आणि उद्या चौकशी झाली तर ज्यांनी विश्वासाने सह्या केल्या त्या साध्या माणसांच्या गळ्याशी येईल. अध्यक्षताई, तुम्ही माझ्या मोठ्या बहिणीच्या जागी आहात. तुम्हाला पुढे करून कोणी हे उरकून घेऊ नये, असंही मला वाटतं.

चौथी तक्रार आगीची, आणि ती एकट्या समितीबद्दल नाही, आपल्या सगळ्यांबद्दल आहे.

उद्यानाच्या कामाआधी पट्ट्यातला पालापाचोळा पेटवून जागा साफ करायची आहे, असं कळतं. पाला म्हणजे कचरा, असं गृहीत धरलं आहे. पानगळ झाली की तिथे घोटा बुडेल इतका पाला साचतो. एप्रिलमध्ये, बाहेर पारा चढत असताना, त्याच्याखाली हात घालून पाहा. माती गार लागते, ओलही असते. उधई तिथे, रातकिडे तिथे, कोळी तिथे. पहिल्या पावसात तोच पाला कुजून माती होते आणि नाल्यात जाणारं पाणी धरून ठेवतो. सापसुरळी त्यातच खाते, त्यातच लपते, खालच्या मऊ मातीत अंडी घालते. तिला धामण खाते, मुंगूस खातं, शिक्रा उचलतो. गावालगतच्या जंगलाचं बरंचसं जगणं या एका थरावर चालतं.

आग लागली की पक्षी उडतो, चितळ पळतं, माकडं पलीकडे जातात. सापसुरळी पानाखाली शिरते. संकट आलं की पानाखाली शिरायचं, हेच तिच्या अंगात आहे. वणवा विझल्यावर त्या राखेतून चालताना तुम्ही खाली पाहिलं असेल तर पुढचं मला लिहायला नको.

मोहफूल स्वच्छ वेचता यावं म्हणून झाडाखाली काडी लावली जाते. तेंदूला कोवळी पालवी भरपूर यावी म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये कोणीतरी आग सोडून देतं, आणि ती आग त्या झाडापुरती, त्या झुडपापुरती राहत नाही. तेंदूला आगीची गरज नसते. खुटकटाई, म्हणजे झुडपांची छाटणी, वेळेवर केली की पान चांगलं येतं, हे तेंदूपान गोळा होतं त्या फळीवर बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मोहाखालचा पाला खराट्याने बाजूला ओढता येतो. माझी माय तेच करते, वय झालं तरी करते. खाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरली तर वेचायचं कामही हलकं होतं. वनअधिकाऱ्यांना माझं सांगणं आहे की वणवा विझवायला दरवर्षी माणसं आणि पैसा लागतोच. त्यातला थोडा भाग फुलं पडायच्या आधी जाळ्या वाटण्यावर घालवा. वणवा अडवायला आधीच पट्टा जाळून जाळरेषा काढताना आग आखलेल्या पट्ट्याबाहेर जाऊ नये, आणि जाळून झाल्यावर लगेच माणूस हलू नये, एवढं पाहा. आणि गावकऱ्यांनो, आग लावणारा बाहेरून येत नाही. तो कोण असतो हे आपल्याला ठाऊक असतं.

आता मला जे ऐकवलं जातं त्याला उत्तर देते.

एवढ्याशा सापसुरळीसाठी गावाचा विकास अडवते, असं म्हणतात. कमलापूरच्या हत्ती कॅम्पातले हत्ती जिल्ह्याबाहेर नेणार असं कळलं तेव्हा सगळा जिल्हा बोलला, आणि बरोबर बोलला. हत्ती दिसतो, म्हणून त्याच्यासाठी बोलणारे लोक मिळतात. सापसुरळी वीतभरही नसते. तिच्यासाठी बोलायला कायद्याने एक समिती नेमली आहे, आणि ती समिती म्हणजे आपण. आपण बोललो नाही तर तिच्यासाठी दुसरं कोणी नाही. ती उद्या जगातून संपणार आहे असं मी म्हणत नाही, तसं खोटं सांगून मला काही मिळवायचंही नाही. ती इतर राज्यांत आहे, राहील. पण जिथलं नाव तिला मिळालं तिथेच तिच्यासाठी जागा नसावी, हे मला पटत नाही.

दुसरं म्हणणं, ती विषारी आहे, बागेत लेकरं खेळणार, त्यापेक्षा जागा साफ झालेली बरी. सापसुरळीला विष नसतं. ती चावण्याऐवजी पळते. हे मी घरोघर सांगते, कारण ते माझ्या कामाचाच भाग झाला आहे. सापसुरळी पायावरून गेली म्हणून लेकराला रात्रीतून मांत्रिकाकडे नेलेलं मी पाहिलं आहे, आणि झोपेत मण्यार चावल्यावर दुखत नाही, सुजत नाही म्हणून सकाळपर्यंत थांबलेली माणसंही पाहिली आहेत. निरुपद्रवी प्राण्याला घाबरायचं आणि खऱ्या धोक्यात वेळ घालवायचा, याची किंमत मला टोल्याटोल्यावर दिसते. गावाने जंगलातले प्राणी नीट ओळखले तर सगळ्यात आधी माणसाचा जीव वाचेल. नोंदवही नीट व्हावी असं मी म्हणते त्याचं एक कारण हेही आहे. आणि एक सांगते, सिमेंटच्या फरशीच्या फटीत मण्यार राहते. पाला गेला म्हणून साप जातील असं समजू नका.

तिसरं, मुलांना खेळायला जागा नको का? हवी. मलाही लेकरं आहेत. झोके हवेत, घसरगुंडी हवी, म्हाताऱ्यांना बसायला बाकडी हवीत. त्यासाठी जुन्या बाजाराचं पटांगण रिकामं पडलं आहे. रस्त्याजवळ आहे, दिवा आहे, हातपंप आहे. तिथे दहा झाडं लावा, मी खड्डे खणायला येईन. शंभर वर्षांचे मोह उभे असलेल्या जागेत फरशी घालून, हिरवळ लावून, सिमेंटचा वाघ बसवायची काय गरज आहे? त्या हिरवळीला मे महिन्यात रोज पाणी लागेल. गावाला उन्हाळ्यात पाणी कसं मिळतं ते आपल्याला माहीत आहे.

आलापल्लीजवळचं वनवैभव आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. सहा हेक्टरचं ते जंगल १९५३ पासून नैसर्गिक जंगल म्हणून राखलं गेलं आणि २०१४ मध्ये ते जैवविविधता वारसास्थळ जाहीर झालं. सहा हेक्टर म्हणजे फार नाही. मनावर घेतलं तर छोटा तुकडाही राखता येतो, आणि ते आपल्याच तालुक्यात झालं आहे. उत्तरेला मेंढा (लेखा) गावाने आपल्या जंगलावरचा हक्क मिळवून ते सांभाळून दाखवलं. वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने प्रत्येक ग्रामसभेला आपल्या हद्दीतलं जंगल, वन्यजीव आणि जैवविविधता राखायचा अधिकार दिला आहे. आपल्या ग्रामसभेलाही तो आहे. तो वापरायचा की नाही, हा आता आपला प्रश्न आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

नाल्याकाठच्या पट्ट्याची ना हरकत समितीने मागे घ्यावी. पुढचा निर्णय होईपर्यंत तिथे जेसीबी जाऊ नये आणि पाल्याला काडी लागू नये. ही मागणी तातडीची आहे, बाकीच्यांना थोडा वेळ लागला तरी चालेल.

झुडपी जंगलाच्या जमिनीवर हे काम कोणत्या परवानगीने होतं आहे, ते वनअधिकाऱ्यांनी लेखी कळवावं आणि तो कागद पंचायतीच्या फलकावर लावावा.

उद्यान जुन्या बाजाराच्या पटांगणावर करावं.

नोंदवही पुन्हा करावी. या वेळी टोल्यांवर बसून, बायांना, गुराख्यांना, तेंदू तोडणाऱ्यांना विचारून. पाऊस सुरू झाल्यावर आणि पाऊस संपल्यावर, असं दोनदा जंगलात फिरून. सापसुरळ्या ओळखायला प्राणिशास्त्राचे जाणकार बोलवावेत. गोंडवाना विद्यापीठाच्या महाविद्यालयांत हा विषय शिकवणारी माणसं आहेत, त्यांना समितीने पत्र द्यावं. त्यांच्या जेवणाची आणि मुक्कामाची सोय आमचा बचत गट करील. जी नावं मराठीत नाहीत ती गोंडीत, माडियात, तेलुगूत जशी आहेत तशी लिहावीत. वारलेल्या आजोबांचं नाव माहितगार म्हणून काढून टाकावं, आणि त्यांच्या घरच्यांना समितीने स्वतः जाऊन सांगावं.

मोहाच्या हंगामाआधी जाळ्या मिळाव्यात, आणि मोहाखाली आग लावायची नाही असा ठराव ग्रामसभेने स्वतः करावा. मांडायला मी तयार आहे, अनुमोदन द्यायला माय तयार आहे.

शाळेच्या भिंतीवर सापसुरळीचं चित्र आणि आलापल्लीच्या नावाची गोष्ट लिहावी. रंगाचा खर्च मी देते.

समितीच्या प्रत्येक सभेची नोटीस प्रत्येक सदस्याला लेखी मिळावी.

यांतली एकही मागणी अशी नाही की जिला मुंबईहून मंजुरी लागेल. बहुतेक कामं आपल्या सभेत, आपल्या सहीने होणारी आहेत. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. माझ्या आधीच्या अर्जाची पोच माझ्याजवळ आहे, ती घेऊन मी येईन. नोटीस या वेळी घरी पाठवा. दिवसा मी टोल्यावर असते. मी भेटले नाही तर मायजवळ द्या, ती सही करते.

आपली,
समितीची एक सदस्य आणि गावची आशा कार्यकर्ती